दुर्मिळ आडनावाचे गाव

दरोडा, बरोरा, कथोरे, तारमळे, वेखंडे, विशे, हरड. यातले कुठलेही आडनाव नागपुरात किंवा कोल्हापुरात सांगितले, तर ऐकणारा ते पुन्हा विचारून घेतो आणि लगेच ‘गाव कुठलं?’ म्हणतो. ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंद, आसनगाव, किन्हवली, सरळगाव, धसई या पट्ट्यात हीच आडनावे शाळेच्या हजेरीपटावर, दुकानांच्या पाट्यांवर आणि निवडणुकीच्या फलकांवर रोज दिसतात. शहापूरच्या राखीव मतदारसंघात महादू बरोरा, पांडुरंग बरोरा आणि दौलत दरोडा हीच नावे वर्षानुवर्षे गाजली. मुरबाडमध्ये किसन कथोरे 2009पासून निवडून येत आहेत. एका तालुक्यात सर्वांच्या तोंडी असलेले आडनाव जिल्हा ओलांडला की अनोळखी होते, हेच दुर्मिळ आडनावाचे खरे लक्षण. ते सगळीकडे थोडे थोडे नसते. एकाच ठिकाणी दाट असते आणि बाकीकडे जवळपास नसतेच.

असे आडनाव कुठून आले, किती जणांचे आहे, ते थोडक्यांचेच का राहिले आणि पुढे टिकेल का, हे प्रश्न आपल्याकडे बहुधा घराण्याच्या अभिमानापोटी विचारले जातात. माझे म्हणणे असे आहे की ते प्रदेशाच्या इतिहासाचे प्रश्न आहेत आणि शहापूर-मुरबाडसारख्या मुलखात ते न्यायाचेही आहेत. इथल्या बहुसंख्य घरांकडे ना बखर आहे, ना सनद, ना छापील कुलवृत्तांत. त्यांचा लेखी इतिहास बहुतेक वेळा आडनावापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो.

इंग्लंडमध्ये काय झाले

या विषयाचा शिस्तशीर अभ्यास सर्वांत आधी इंग्लंडमध्ये उभा राहिला. हेन्री ब्रोम गपी यांनी 1890मध्ये ब्रिटनमधल्या आडनावांची ‘घरे’ शोधणारे पुस्तक काढले. भटक्या लोकांपेक्षा जमिनीला बांधलेला शेतकरी आडनावाचे मूळ ठिकाण चांगले सांगतो, म्हणून त्यांनी परगण्यांच्या निर्देशिकांतले शेतकरीच मोजले. पुढे 1881च्या जनगणनेची पाने नावानिशी संगणकावर आली. नकाशा मांडल्यावर असे दिसले की सहाशे-सातशे वर्षे लोटूनही अनेक दुर्मिळ आडनावे आपल्या मूळ खेड्याच्या आसपासच दाटलेली आहेत. 1979मध्ये एकेकाच आडनावाचा अभ्यास करणाऱ्या हौशी संशोधकांचा संघ स्थापन झाला. 2000 साली ब्रायन साइक्स यांनी स्वतःचेच आडनाव घेऊन पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले. एकमेकांशी नाते ठाऊक नसलेल्या अनेक साइक्स मंडळींत एकच खूण सापडली. म्हणजे त्या आडनावाचा मूळ पुरुष बहुधा एकच असावा. 2016मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटन आणि आयर्लंडच्या घराणेनावांचा मोठा कोशही प्रसिद्ध केला.

या साऱ्या खटाटोपातून हाती आलेली पद्धत साधी आहे. आधी आडनाव आज कुठे दाट आहे ते पाहायचे, मग त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद शोधायची, आणि व्युत्पत्ती शेवटी मांडायची. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी व्युत्पत्ती ठरते, तिला साजेशी दंतकथा जोडली जाते आणि मोजणी राहून जाते.

आडनावाआधीची माणसे

मुरबाड तालुक्याच्या हद्दीवर नाणेघाट आहे. तिथल्या सातवाहन लेण्यात राजघराण्याच्या पुतळ्यांवर नावे कोरलेली होती. पुतळे गेले, अक्षरे राहिली. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी ती नावे आहेत, सोबत पदव्या आणि नाती आहेत, पण आजच्या अर्थाचे आडनाव नाही. घाट उतरून पुढे गेले की कल्याण लागते, आणि या कल्याणचे दाते कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत भेटतात. अमका सोनार, तमका व्यापारी, राहणार कल्याण, कुणाचा मुलगा. माणसाची ओळख बाप, धंदा आणि गाव या तीन गोष्टींनी पटवायची ही रीत या मुलखात दोन हजार वर्षांची आहे. मराठी आडनाव या तिन्हींतूनच घडले.

तरीही पिढ्यान्पिढ्या न बदलणारे, प्रत्येक घराला असणारे आडनाव तुलनेने अलीकडचे. वतनदारांना ते लवकर मिळाले, कारण वतनाचा हक्क सिद्ध करायला घराण्याचे नाव लागे. उत्तर कोकणातल्या जुन्या घराण्यांची कुळे सांगणारी महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी 1924मध्ये प्रसिद्ध केली, तीही मुख्यतः हक्कदारांचीच हकिकत आहे. कुणब्याला, ठाकराला, कातकऱ्याला कायमचे आडनाव लावून घेण्याची गरज पडली ती इंग्रजी अमदानीत. जमिनीची मोजणी झाली, शाळेचा दाखला आला, कोर्टाचे समन्स आले, रेल्वेची मजुरी आली. कल्याणहून वाशिंदपर्यंत आगगाडी 1855मध्ये पोचली. कसारा गाठायला तिला 1861 उजाडले. तोवर काही वर्षे हा फाटा वाशिंदलाच संपत होता. हजारो मजुरांची नावे कुणीतरी हजेरीवर लिहायला लागला, तेव्हा बापाच्या नावापुढे तिसरा शब्द विचारला जाऊ लागला.

इतर देशांत हे सरकारी हुकमाने घडले. जपानने 1875मध्ये आणि तुर्कस्तानने 1934मध्ये कायदा करून सर्वांना आडनाव घ्यायला लावले. भारतात असा कायदा कधी झाला नाही. त्यामुळे इथे आडनाव देण्याचा अधिकार बहुतेक वेळा लेखणी हातात असलेल्या माणसाकडे राहिला. तो तलाठी असेल, मास्तर असेल किंवा मुकादम.

त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण साताऱ्याचे. तिथल्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. तिसऱ्याच नावाने पटावर चढलेला हा विद्यार्थी पुढे कोट्यवधींचा आधार झाला. आडनाव रजिस्टरच्या पानावर कसे जन्मते, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

हीच लेखणी नाव पुसूनही टाकते. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदीत माणसाचे आणि बापाचे नाव तेवढे लिहिले गेले. पुढच्या पिढ्यांना पूर्वजाचे पाळण्यातले नावच आडनाव म्हणून चिकटले. तंजावरच्या मराठी घरांत आडनाव मागे पडून ‘राव’ उरले. त्यामुळेच मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या स्थलांतरितांच्या नोंदी चाळताना तिथली मराठी माणसे आडनावापेक्षा पूर्वजाच्या गावाचा माग काढतात.

गाव सोडले की ‘कर’ लागते

मराठी आडनाव म्हटले की ‘कर’ आठवतो. मग शहापूर-मुरबाडच्या जुन्या कुणबी, ठाकूर, कातकरी वस्त्यांत इथल्याच गावांवरून पडलेली ‘कर’ आडनावे इतकी कमी का दिसतात? कारण गावावरून नाव पडते ते गाव सोडणाऱ्याला. किन्हवलीत राहणाऱ्याला किन्हवलीकर म्हणून वेगळे काढायचे कारणच नसते. ‘कर’ हे नाव नव्या गावाने जुन्या गावाची आठवण ठेवून दिलेले असते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा बेने इस्राएल समाजात मिळतो. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या या ज्यू समाजाची आडनावे केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर अशी आहेत. किहीम, रोहे, पेण, दिवेआगर, चौल या गावांची यादीच त्यात आहे. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास 1937मध्ये छापला गेला. यातली बरीच घरे इस्रायलला गेली. आज तिथे एखाद्या दारावर ‘रोहेकर’ दिसले, तर रायगड जिल्ह्यातले एक गाव तिथे लिहिलेले असते.

‘कर’ वाचताना दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. महाराष्ट्रात नांदगावे अनेक आहेत, तेव्हा दोन नांदगावकर एकाच गावचे असतीलच असे नाही. शिवाय महसुली यादीत कित्येक गावे बेचिराख म्हणून नोंदलेली आहेत. नकाशावर आडनावाचे गाव सापडत नाही, याचा अर्थ ते कधी नव्हतेच असा होत नाही.

हुद्द्यावरून पडलेल्या आडनावांचे गणित वेगळे. पाटील, चौधरी, देशमुख, कुलकर्णी, कोतवाल ही कामे गावोगाव होती, म्हणून ही आडनावे गावोगाव, अनेक जातींत, एकमेकांशी संबंध नसताना उगवली. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी इंग्रजांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दोघांचीही आडनावे गावच्या कारभारातल्या हुद्द्यांची. त्यातले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानच्या नाभिक घरात जन्मलेले वकील होते. आडनावावरून जात आणि गाव ओळखू म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण कायम लक्षात ठेवावे. भोईर, भगत, ठाकूर, पवार, जाधव यांचेही असेच आहे. आगरी, कुणबी, कोळी आणि आदिवासी अशा अनेक समाजांत ती आहेत.

म्हणून अभ्यासाला दुर्मिळ आडनाव उपयोगी पडते. पाटलांचे मूळ कुणी शोधू शकत नाही, कारण ते एक नाहीच. तारमळे किंवा वेखंडे यांचे मूळ शोधता येण्याची शक्यता निदान आहे.

थोड्यांचेच का राहिले

आडनाव दुर्मिळ राहण्याची पहिली कारणमीमांसा गणिताने केली. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1874मध्ये घराणी नामशेष होण्याच्या संभाव्यतेवर निबंध लिहिला. आडनाव मुलाकडूनच पुढे जात असेल आणि दर पिढीला बापामागे सरासरी एकच मुलगा जगत असेल, तर कुणाचा काहीही दोष नसताना, निव्वळ योगायोगाने, एकेक आडनाव संपत जाते आणि काही थोडी फोफावतात. कोरियात आज पाचातला एक माणूस किम आहे, त्याच्या मागे इतर कारणांबरोबर हा दीर्घकाळचा खेळही आहे. आपल्याकडे साथी आणि दुष्काळ यांनी त्याचा वेग वाढवला. चार-पाच घरांचे आडनाव एका पटकीच्या साथीत संपू शकत होते.

दुसरे कारण मुलींचे. आडनाव लग्नात बदलते, त्यामुळे मुलीच असलेल्या घराचे आडनाव तिथेच थांबते. पण सातबाऱ्यावरची वारसनोंद जवळून पाहिली तर आणखी काही दिसते. बाप वारला की फेरफारात सगळ्या वारसांची नावे चढतात. मुलगे एका आडनावाखाली येतात. पाठोपाठ मुली येतात, आणि प्रत्येकीपुढे सासरचे आडनाव. एकाच गटाच्या उताऱ्यावर विशे, भोईर, घरत आणि देसले शेजारी शेजारी असू शकतात. मुलींना वारसा हक्कात समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994मध्ये आणि केंद्राने 2005मध्ये केली. तेव्हापासून अशा नोंदींना अधिक वजन आले. कुठल्या आडनावाची सोयरीक कुठवर पोचते, याचा नकाशा तलाठ्याच्या दप्तरात आपोआप तयार होत आहे.

तिसरे कारण लिहिण्याचे. वाशिंदच्या स्थानकावर मराठीत ‘वाशिंद’ आणि इंग्रजी पाटीवर ‘वासिंद’ वाचावे असे स्पेलिंग आहे. गावाच्या नावाचे असे होते, तर आडनावाचे काय होत असेल? आधार कार्डावर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी आडनावे ठरतात. आधीच कमी असलेली संख्या आणखी विखुरते.

ठाकूरवाडी आणि कातकरवाडी

चौथे कारण सर्वांत गंभीर आहे आणि ते याच मुलखातले आहे. ठाकूर जमातीच्या पुष्कळ आडनावांचा शेवट ‘आ’ने होतो. दरोडा, उघडा, निरगुडा, पोकळा. शाळेत आणि कचेरीत ती प्रमाण मराठीच्या वळणावर नेली जातात. उघडाचे उघडे होते, निरगुडाचे निरगुडे, पोकळाचे पोकळे. लिहिणाऱ्याला ती सुधारणा वाटते. परिणाम असा की एका भावाकडे जुने रूप राहते आणि दुसऱ्याकडे नवे जाते. पुढे जातपडताळणीच्या वेळी हाच फरक आडवा येतो. आजोबांच्या नोंदीतले आडनाव आणि नातवाच्या दाखल्यातले आडनाव जुळत नाही, म्हणून मुलाचा प्रवेश अडून राहतो.

‘ठाकूर’ हा शब्दही असाच अडचणीचा. आगरी, ब्राह्मण, उत्तर भारतीय अशा अनेकांचे ते आडनाव आहे, तर अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर ही जमातीची नावे आहेत. ल. ना. चापेकर यांनी 1960मध्ये सह्याद्रीतल्या ठाकूरांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याआधी 1933मध्ये ना. गो. चापेकर यांचे बदलापूर गावाचे प्रसिद्ध सर्वेक्षण आले. शेजारच्या गावाचा इतका बारकाईने अभ्यास होऊ शकतो, हे नव्वद वर्षांपूर्वी दाखवून दिले गेले आहे. शहापूर-मुरबाडच्या वाट्याला तसे पुस्तक आलेले नाही.

कातकरी समाजात वाघे, मुकणे, हिलम, पवार, जाधव ही आडनावे आढळतात. यातले मुकणे हे जव्हारच्या महादेव कोळी राजघराण्याचेही आडनाव. ते राज्य 1343पासूनचे मानले जाते. एकाच आडनावाने राजवाडा आणि वीटभट्टीवरची झोपडी दोन्ही ओळखली जातात. त्यावरून नाते सिद्ध होत नाही आणि फेटाळताही येत नाही. पण हा प्रश्न अभ्यासाला घेण्याजोगा नक्कीच आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. पावसाळा संपला की कुटुंबे भट्ट्यांवर जातात, आणि गावात नोंद घ्यायला माणूस येतो तेव्हा घराला कडी असते. नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत आधार आणि दाखल्यांची शिबिरे वाड्यांवर आली. तिथे लिहिले गेलेले आडनाव कित्येक घरांचे पहिलेच पक्के लेखी आडनाव आहे. ते नीट ऐकून, विचारून, घरच्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहिणे हे उपकाराचे काम नाही, कर्तव्याचे आहे.

मोजणी कशी व्हावी

जनगणनेच्या कागदावर प्रत्येकाचे नाव असते, पण भारतात आडनावांची संख्या काढून छापली जात नाही. आडनाव आणि जात यांची सरमिसळ झाली की काय होते, ते 2011च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत दिसले. 1931च्या जनगणनेत जातींची संख्या 4,147 होती. 2011ला लोकांनी सांगितलेली नावे 46 लाखांवर गेली, असे केंद्र सरकारने 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. जातीच्या रकान्यात आडनावे, गोत्रे, पोटकुळे, सगळेच उतरले होते. 2027च्या जनगणनेत पुन्हा जात विचारली जाणार आहे. त्याआधी कुठल्या तालुक्यात कुठली आडनावे कुठल्या समाजांत आहेत याच्या याद्या हाताशी असत्या, तर हा गोंधळ बराच कमी झाला असता.

अशी यादी करायला लागणारी साधने इथेच आहेत. मतदार याद्या देवनागरीत आणि गावनिहाय मिळतात, त्यांवरून आजची दाटी कळते. शाळांची जुनी जनरल रजिस्टरे शंभर वर्षे मागे नेतात. जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकांत मोडीतल्या नोंदी आहेत. 2023नंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी ही दप्तरे राज्यभर उघडली, तपासली, स्कॅन केली गेली. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काहीही असो, त्या निमित्ताने गावोगावचे नावांचे भांडार वाळवीपासून वाचले, याचे समाधान मानले पाहिजे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या सापडतात.

आणि एक साधन घराघरात आहे, ते म्हणजे लग्नपत्रिका. या भागातली पत्रिका मजकुराने गच्च भरलेली असते. वधूवरांची नावे, मुक्काम, पोस्ट, तालुका, मग आजोबा, काका, मामा, आत्याचे यजमान, भावकी, निमंत्रक, प्रत्येकाचे आडनाव आणि बहुतेकांच्या पुढे कंसात गाव. पन्नास वर्षांच्या पत्रिका एका गावातून गोळा केल्या, तर त्या गावाच्या सोयरिकीचे वर्तुळ किती मैलांचे होते आणि कधी रुंदावले, ते हिशेबाने सांगता येईल. भातसा आणि बारवी धरणांनी उठवलेली घरे आपले आडनाव घेऊन कुठे गेली, तेही त्यात सापडेल. आज लोकलच्या सोयीने वाशिंदला नव्या इमारती उभ्या आहेत. खानदेश, घाटमाथा, तळकोकण, उत्तर प्रदेश, सगळीकडची आडनावे एकाच जिन्यात राहतात. गाव बदलते आहे, तेव्हा बदलण्याआधीची स्थिती नोंदून ठेवण्याची हीच वेळ आहे.

उगमाच्या कथा

प्रत्येक आडनावाला एक कथा असते. घोरपड लावून गड चढला म्हणून घोरपडे, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. अशा कथा जपाव्यात, पण पुरावा म्हणून वापरू नयेत. ‘आम्ही मूळचे राजपुतान्यातले’ हे तर कितीतरी घराण्यांत ऐकू येते. त्यामागे मान मिळवण्याची जुनी धडपड आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. तरी इथल्या डोंगरात भात आणि नाचणी पिकवत आलेल्या माणसाला मोठेपणासाठी दुसऱ्या मुलखाची गरज नाही. कुलदैवत कुठले, देवक कुठले, भावकी किती गावांत, जुनी नोंद कोणत्या सालची, या चार प्रश्नांची उत्तरे जुळली तर मूळ सापडते. एक आडनाव असूनही देवक वेगळे निघते आणि सोयरीक होते, तेव्हा त्या आडनावाची मुळे एकाहून जास्त असण्याचा तो भक्कम इशारा असतो.

आडनावाचे भविष्यही बदलते आहे. 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्राने लागू केला. उद्या कुणी आईचे माहेरचे आडनावही जोडू लागेल, कुणी आडनाव टाकूनच देईल. तो ज्याचा त्याचा अधिकार. जातीचा काच नको म्हणून आडनाव सोडणाऱ्याला कुणी दोष देऊ नये. मात्र सोडण्याचा अधिकार आणि कारकुनाच्या घाईने हरवणे या दोन गोष्टी एक नाहीत.

शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास आणि भूगोल शिकणारी शेकडो मुले याच गावांतून येतात. एकेकाने आपल्या गावाची आडनावे, त्यांची रूपे, घरांची संख्या आणि सर्वांत जुनी नोंद इतके लिहून आणले, व्यक्तींची नावे वगळून फक्त आकडे एकत्र केले, तर दोन तालुक्यांचा आडनावकोश काही वर्षांत उभा राहील. त्याला मोठा निधी लागत नाही. लागते ती शिक्षकाची चिकाटी आणि तलाठी कार्यालयाची थोडी सवलत. गावोगावच्या म्हाताऱ्यांना भावकी तोंडपाठ आहे, आणि ते सांगायला तयार आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जाण्याचे काम पुढच्या सुट्टीपर्यंतही लांबवू नये.